तीन कुलपं

ग्राझमध्ये, जानेवारीत, सात दिवसांसाठी
विक्रेत्याने किल्ली दिली, सोबत एक छापील कागद:
रोजच्या वापरासाठी कशी वाटली? खरं लिहा.

खरं लिहायचं तर
आमच्या इमारतीखालच्या गॅरेजच्या तोंडाशीच घोडं अडलं.
पाटी म्हणते एक मीटर नव्वद.
गाडी म्हणते, त्याहून चार बोटं जास्त.
मग रात्रभर ती रस्त्यावर,
तळमजल्यावरच्या त्सेखनरबाईंच्या खिडकीतला
सगळा उजेड अडवून.
दारी हत्ती झुलावा म्हणतात.
झुलतो. पण पितो किती!
बुधवारी टाकी भरली, शनिवारी पुन्हा,
आणि मधल्या काळात मी गेले कुठे?
शाळा, दवाखाना, जुन्या बाटल्या टाकायला.

लेदर मऊ आहे. इतकं मऊ, की
भोपळ्याच्या बियांच्या तेलाची बाटली मागे लवंडली
तेव्हा मी आधी सीट पाहिली, मग मुलगा.
मुलगा, एमेरिख, वय अकरा, म्हणाला,
"मला कोपऱ्यावरच सोड. शाळेसमोर नको."

हायवेवर एकशे दहाच्या पुढे
उभ्या काचेवर वारा असा आपटतो
जसं कुणी बंद दाराशी हुज्जत घालतंय.
वळणावर स्टिअरिंग उशिरा ऐकतं,
म्हातारं माणूस ऐकतं तसं:
आधी विचार, मग मान.

म्हातारं माणूस म्हणजे माझे वडील, ओटोकार.
एकतीस वर्षं कारखान्याच्या चाचणी-पथकात.
शहरामागच्या डोंगरावर, याच जातीची गाडी
दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून नेत
ती कुठे मोडते ते शोधायचं, याचा पगार.
गाडी क्वचित मोडली.
गुडघे मोडले. मग कंबर.

गुरुवारी त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं होतं.
त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
खट्ट.
"अजून तसंच वाजतं," म्हणाले,
आणि पायरीकडे बघत उभे राहिले.
भिंतीसारखा चढ चढणाऱ्या गाडीत
माणसाने चढायचं तर आधी पाय उचलावा लागतो.
तो उचलेना.
मी हात पुढे केला. तो त्यांना दिसला नाही.
वर गेले, आणि आजोळच्या गोठ्यातलं
दूध काढायचं स्टूल घेऊन आले. तीन पायांचं, दोरी बांधलेलं.
त्यावर पाय. मग आत.
मग दोरीने ते वर ओढून घेतलं,
नावाड्याने नांगर ओढावा तसं.

परतताना सुपरमार्केटच्या आवारात,
ट्रॉल्यांच्या रांगेपलीकडे,
लोटून ठेवलेल्या बर्फाचा ढीग होता. काळपट, दगड झालेला.
वडिलांनी समोरची तीन बटणं बघितली,
तीन कुलपं, चाकांना एकमेकांशी बांधणारी.
मी एकदाही दाबली नव्हती.
"मधलं आधी. मग मागचं. पुढचं शेवटी, आणि मग वळायचं नाही."
बोट थरथरत होतं. क्रम थरथरत नव्हता.
"चढव."
"पपा, लोक बघतायत."
"चढव."

चढवली.
एक चाक हवेत, तीन बर्फात,
खाली दही आणि पाव घेऊन थांबलेली माणसं,
आणि आम्ही दोघं आभाळाकडे तोंड करून,
मोजून अर्धं मिनिट.
वडील बोलले नाहीत. इंजिन ऐकत होते.
मग म्हणाले, "उतर. ब्रेक नको. गिअरवर सोड."

रविवारी रात्री कागद भरायला बसले.
पार्किंग: वाईट. इंधन: विचारू नका.
मागचं दृश्य: निम्मं चाकाने झाकलेलं.
घ्याल का? हो. नाही.
नाहीवर खूण केली.
केली, आणि शांत झोप लागली, हेही खरं.

सोमवारी विक्रेता कागद चाळत म्हणाला,
"डोंगरावर नेली नाहीत वाटतं? ती जागा कोरीच आहे."
मी नुसती हसले.
ट्रामच्या थांब्यावर पोचल्यावर आठवलं,
स्टूल आत राहिलं.
धावत परत गेले. गाडी धुवायला घेतली होती आधीच,
स्टूल कडेला, ओल्या फरशीवर,
दोरीतून काळं पाणी ठिबकत.

ते मांडीवर घेऊन घरी आले.
नव्या ट्रामला पायरीच नाही.
फलाटावरून पाऊल सरळ आत.